डेव्हपासून प्रॉडपर्यंत : प्रस्तावना

‘क्वालिटीत तर चालत होतं’ हे वाक्य हिंजवडीत, खराडीत किंवा ऐरोलीत एसएपीवर काम करणाऱ्या कुणालाही नवं नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. क्वालिटीत चालत होतं, टेस्टिंगवाल्यांनी होकार दिला होता, रिक्वेस्ट जशीच्या तशी पुढे गेली, आणि तरीही सोमवारी सकाळी प्रॉडवर बिल निघेना. मग दोष कोडचा की कोड हलवणाऱ्याचा, यावर तासभर कॉल चालतो. हे पुस्तक त्या कॉलच्या आधी वाचण्यासाठी आहे.

विषय थोडक्यात असा. मोठ्या कंपनीचा कारभार ज्या संगणक प्रणालीवर चालतो ती एकटी नसते. तिच्या निदान तीन आवृत्त्या असतात. एकीत प्रोग्राम लिहितात आणि सेटिंग करतात, ती डेव्हलपमेंट. दुसरीत तपासतात, ती क्वालिटी. तिसरीवर रोजचा धंदा चालतो, ती प्रॉडक्शन. बोलताना डेव्ह, क्वालिटी, प्रॉड. प्रॉडवर थेट हात घालायचा नाही हा पहिला नियम. त्यामुळे डेव्हमध्ये घडलेली प्रत्येक गोष्ट, मग तो प्रोग्राम असो, टेबलाची रचना असो, छापायचा फॉर्म असो, अधिकारांचा रोल असो की कंपनी कोडचं सेटिंग, ‘ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट’मध्ये नोंदवून पुढे पाठवावी लागते. पाठवली जाते ती वस्तूची व्याख्या. टेबल कसं असावं हे जातं; त्यातल्या लाखो नोंदी जिथल्या तिथे राहतात. पलीकडची प्रणाली ती व्याख्या वाचते आणि आपल्या जागेवर, आपल्या सामानातून ती वस्तू उभी करते.

सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. व्याख्या एकटी कधीच पुरी नसते. प्रोग्राम एखादं टेबल गृहीत धरतो, टेबल एखादं डोमेन गृहीत धरतं, सेटिंगची ओळ दुसऱ्या ओळीवर टेकलेली असते, आणि या सगळ्यांखाली सर्व्हरचा पत्ता, यूजर, सर्टिफिकेट, नंबरांची मालिका अशा गोष्टी असतात ज्या कुणी व्याख्येत लिहीतच नाही. दौऱ्यावर निघालेलं नाटक नेपथ्य आणि कपडेपट ट्रकमध्ये भरतं, पण गावच्या नाट्यगृहात दिव्याचे पॉइंट कुठे आहेत हे तिथे गेल्यावरच कळतं. म्हणून माझ्या मते या कामातलं खरं कसब, काय गेलं ते मोजण्यात नाही. काय सोबत गेलं नाही, हे आधी ओळखण्यात आहे. काय गेलं ते लॉगमध्ये दिसतं. मागे राहिलेल्याचा लॉग कुठेच निघत नाही.

एसएपी ही कंपनी आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत सुरू केली, आणि आर/३ हे तिचं गाजलेलं सॉफ्टवेअर १९९२ मध्ये बाजारात आलं. त्या काळातली ‘टीपी’ आणि ‘आर३ट्रान्स’ ही दोन साधनं व्याख्या एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचं काम आजही करतात. स्क्रीन बदलल्या, डेटाबेस बदलला, हाना आलं, पण आतली हमाली त्यांच्याकडेच आहे. मला याचं कौतुक वाटतं. एवढं टिकलेलं साधन सहसा काहीतरी बरोबर करत असतं.

एक रिक्वेस्ट जवळून पाहू. समजा तिचा नंबर डीईव्हीके९००४७१. पहिली तीन अक्षरं ज्या प्रणालीत ती जन्मली तिचं नाव, मग ‘के’, मग सहा आकडे. एसई१० या स्क्रीनमध्ये ती उघडली की वर मालकाचं नाव, प्रकार आणि लक्ष्य दिसतं. प्रकार मुख्यतः दोन: प्रोग्राम, टेबल वगैरेंची वर्कबेंच आणि सेटिंगची कस्टमायझिंग. खाली प्रत्येकाच्या नावाचं टास्क, आणि टास्कच्या पोटात यादी. ‘आर३टीआर पीआरओजी’ आणि पुढे प्रोग्रामचं नाव. ‘आर३टीआर टीएबीएल’ आणि पुढे टेबलाचं नाव. आपण बनवलेल्या वस्तूंची नावं झेड किंवा वायने सुरू होतात, म्हणजे एसएपीच्या स्वतःच्या वस्तूंशी टक्कर होत नाही. ही यादी ई०७१ या टेबलात राहते. सेटिंगच्या ओळी असतील तर त्या ओळींच्या फक्त की ई०७१के मध्ये राहतात. बस, एवढंच. रिक्वेस्टमध्ये नावं असतात, मजकूर नसतो.

मजकूर उचलला जातो रिलीजच्या क्षणी. आधी टास्क रिलीज करायची, मग रिक्वेस्ट. त्या वेळी आर३ट्रान्स यादीतल्या एकेका नावामागची वस्तू डेटाबेसमधून वाचतं आणि ट्रान्स डिरेक्टरीत दोन फायली पडतात. ‘डेटा’ फोल्डरमध्ये आर९००४७१.डीईव्ही, यात बांधलेला माल, ‘कोफाइल्स’मध्ये के९००४७१.डीईव्ही, यात कोणत्या पायऱ्या चालवायच्या आणि प्रत्येकीचा निकाल काय लागला याची नोंद. या दोन फायली नेल्या की रिक्वेस्ट नेली. पहिली फाइल नोटपॅडमध्ये उघडून काही हाती लागत नाही.

नावं आधी आणि मजकूर नंतर, या व्यवस्थेतून जे प्रकार घडतात त्यांना या पुस्तकात सर्वात जास्त पानं दिली आहेत, आणि ती कमीच पडली असं मला वाटतं. समजा एकाने सोमवारी सेटिंगची एक ओळ बदलून रिक्वेस्टमध्ये नोंदवली. बुधवारी दुसऱ्याने त्याच ओळीत प्रयोग म्हणून पेमेंटची मुदत बदलून पाहिली आणि तशीच सोडली. गुरुवारी पहिल्याने रिलीज केली. प्रॉडला गेली ती बुधवारची ओळ. पहिल्याने काही चुकीचं केलं नाही, दुसऱ्याने तर काही पाठवलंच नाही. प्रोग्राम रिक्वेस्टमध्ये अडकला की त्याला कुलूप लागतं, दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये तो घेता येत नाही. सेटिंगच्या ओळींना सहसा असं कुलूप नसतं. सेटिंग करणाऱ्या फंक्शनल कन्सल्टंट मंडळींना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणारे एबॅपवाले, म्हणजे प्रोग्राम लिहिणारे, असतात आणि त्यांना स्वतःला हा त्रास होत नाही.

याहून विलक्षण गोष्ट नसलेपणाची आहे. यादीत नाव आहे, पण रिलीजच्या वेळी त्या नावाची वस्तूच डेव्हमध्ये उरलेली नाही, असं झालं तर निर्यात थांबत नाही. ‘ही वस्तू नाही’ हीच बातमी बांधली जाते, आणि पलीकडे आयात होताना तिथली वस्तू पुसली जाते. सेटिंगच्या ओळींचंही तेच. तर्काने हे अगदी योग्य आहे, कारण काढून टाकणं हाही एक बदलच, आणि तो पुढे जायलाच हवा. पण कुणी साफसफाईच्या भरात डेव्हमधली एक ‘नको असलेली’ ओळ उडवली, आणि तिची की पडून राहिलेल्या जुन्या रिक्वेस्टमध्ये तशीच होती, तर प्रॉडवरची ती ओळ कशी पुसली गेली हे शोधायला दिवस जातो. की अर्धी लिहून पुढे तारा टाकलेला असेल, तर त्या ताऱ्यात बसणाऱ्या पलीकडच्या सगळ्या ओळी आधी पुसल्या जातात आणि मग सोबत आलेल्या भरल्या जातात. तारा टाकण्यापूर्वी दोनदा विचार करा, असं पुस्तकात सौम्यपणे म्हटलं आहे. मी म्हणेन, टाकूच नका.

क्रमाबद्दल वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. रिक्वेस्टमधून फरक जात नाही, अख्खी वस्तू जाते. त्यामुळे एका प्रोग्रामची आधीची आवृत्ती असलेली रिक्वेस्ट मागे रेंगाळली, नंतरची पुढे निघून गेली, आणि मग कुणाला पहिलीची आठवण झाली, तर जुना प्रोग्राम नव्याच्या डोक्यावर बसतो. एसटीएमएस या आयातीच्या स्क्रीनमधली रांग रिलीजच्या क्रमानेच लागलेली असते. रांगेतून हवी तेवढी एकच उचलायची सवय लागली की हा अपघात ठरलेला. ‘फक्त हीच एक पाठवा, अर्जंट आहे’ असा मेल आयात करणाऱ्या बेसिसच्या टीमला येतो, तेव्हा त्यांनी निमूट बटण दाबण्याऐवजी ‘याच्या आधीची कुठे आहे?’ असं विचारावं. चांगले बेसिसवाले विचारतात, आणि म्हणून ते लोकप्रिय नसतात.

आता मागे राहणाऱ्यांकडे येऊ. नंबर रेंज आपोआप रिक्वेस्टमध्ये येत नाही. हाताने घालता येते, पण घालताना प्रणाली इशारा देते, कारण मालिकेबरोबर तिचा चालू आकडाही जातो. डेव्हमध्ये चार चाचणी बिलं निघालेली, प्रॉडवर पावणेपाच लाख. चारचा आकडा प्रॉडवर जाऊन बसला की पुढचं बिल आधीच वापरलेला नंबर मागतं आणि सगळी रांग अडते. बाहेरच्या प्रणालींशी जोडणाऱ्या एसएम५९ मधल्या नोंदी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या करायच्या असतात, आणि तसंच हवं. क्वालिटीची नोंद प्रॉडला गेली तर खरा माल खोट्या गोदामात उतरेल. यूजर रिक्वेस्टमधून जात नाहीत. रोल जातो, पण तो कुणाला दिला आहे हे सहसा तिथल्या तिथेच ठरवतात.

आपल्याकडे याचा धडा सगळ्यांनी एकदम गिरवला तो जीएसटीच्या वेळी. १ जुलै २०१७ ला सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी लागू झाले, तेव्हा चाकण, भोसरीपासून वाळूजपर्यंत एसएपी वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याला नव्या करांची रचना उभी करावी लागली: जेओसीजी, जेओएसजी, जेओआयजी या कंडिशन टाइपपासून बिलाच्या छपाईपर्यंत. यातल्या व्याख्या रिक्वेस्टने जातात. पण भारतात रूढ असलेल्या टॅक्सिन पद्धतीत कराचा दर ही तारखेसह ठेवलेली कंडिशन रेकॉर्ड असते. ती मास्टर डेटात मोडते आणि प्रत्येक प्रणालीत वेगळी भरायची असते. क्वालिटीत कुणीतरी चाचणीसाठी ती हाताने भरलेली असते, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं. प्रॉडवर कंडिशन टाइप पोहोचतो, टॅक्स कोड पोहोचतो, दर मात्र नसतो. मग कर शून्य लागतो किंवा बिल अडतं. जिथे एफटीएक्सपीमधून टॅक्स कोड दरासकट हलवतात, तिथेही रिक्वेस्ट पोहोचल्यावर लक्ष्य प्रणालीत जाऊन आयात वेगळी चालवावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या, तेव्हा रचना तीच राहिली आणि बदलायचे होते ते मुख्यतः दर. म्हणजे काम नेमकं त्याच भागात पडलं जो रिक्वेस्टमध्ये बसत नाही.

हा सारा घोळ एसएपीचाच आहे असा समज होऊ नये, म्हणून इतर प्रणालींचीही उदाहरणं पुस्तकात आली आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी_डंपला फक्त रचना मागितली तर टेबलं, इंडेक्स, फंक्शन आणि अधिकार यांचं स्वच्छ, वाचता येणारं एसक्यूएल मिळतं. त्यात ‘या रोलला वाचायचा अधिकार द्या’ अशी ओळ असते. पण तो रोल निर्माण करणारी ओळ नसते, कारण रोल एका डेटाबेसचे नसून अख्ख्या सर्व्हरचे असतात. ते पीजी_डंपऑलने वेगळे काढावे लागतात. नव्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली की ‘असा रोल नाही’ ही तक्रार हमखास येते. निदान ती मोठ्याने येते, हे बरं.

संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या आयबीएम एमक्यूमध्ये तक्रार मोठ्याने येत नाही. क्यू मॅनेजरवरच्या रांगा आणि चॅनेल यांच्या व्याख्या डीएमपीएमक्यूसीएफजी ही कमांड लिहून देते. त्या दुसऱ्या क्यू मॅनेजरवर चालवल्या की रांगा तयार. पण वेगळं न सांगितल्यास ती डिफॉल्टपेक्षा निराळे असलेले गुणधर्मच लिहिते, आणि जे लिहिलं नाही ते पलीकडचा क्यू मॅनेजर आपल्या ‘सिस्टिम.डिफॉल्ट’ वस्तूंवरून भरतो. एका रांगेत कमाल किती संदेश मावतील याचा मूळ आकडा ५,००० असतो. पलीकडे कुणी तो डिफॉल्ट कधीकाळी कमी करून ठेवला असेल, तर तीच व्याख्या तिथे लहान रांग बनवते. कुठेही एरर नाही. महिनाअखेरीला रांग भरली की समजतं. चॅनेलच्या व्याख्येत पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता असतो, तो मात्र न चुकता जातो, नको असताना. सर्टिफिकेटं की-स्टोअरच्या फायलींत राहतात, ती जात नाहीत, हवी असताना.

ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो त्यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली १ ऑगस्ट २०१२ ची सकाळ वाचावी. नाइट कॅपिटल ही तिथली मोठी दलाली कंपनी. बाजारातल्या एका नव्या योजनेसाठी तिने ऑर्डर पाठवणाऱ्या आपल्या यंत्रणेत नवा कोड घातला. यंत्रणा आठ सर्व्हरवर चालत होती. सातांवर कोड गेला, आठव्यावर जायचा राहिला, आणि कुणी मोजून पाहिलं नाही. दुसऱ्या माणसाने तपासायचं अशी पद्धतच लेखी ठरवलेली नव्हती. नव्या कोडने एक जुना फ्लॅग नव्या अर्थाने वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्या फ्लॅगचा जुना अर्थ जिवंत होता: ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला, पण न काढलेला कोड. बाजार उघडला. सातांवर ऑर्डर व्यवस्थित, आठव्यावरून त्याच ऑर्डरींचा लोंढा. सुमारे ४५ मिनिटांत २१२ ऑर्डरींमधून ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला.

अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या ऑक्टोबर २०१३ च्या आदेशात हे सारं नोंदलेलं आहे. त्यातल्या दोन गोष्टी मला पैशाच्या आकड्यापेक्षा बोलक्या वाटतात. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने या गडबडीशी संबंधित ९७ ईमेल आपोआप पाठवले होते, पण ते इशारे म्हणून कुणी वाचायचे असतात असं ठरलेलं नव्हतं. आणि गोंधळ सुरू झाल्यावर लोकांनी उपाय म्हणून सातही सर्व्हरवरचा नवा कोड काढला. त्यामुळे जुना अर्थ आठही ठिकाणी जिवंत झाला. घाईत मागे फिरताना, आपण नेमके कुठे उभे आहोत हे आधी बघायला हवं होतं.

मागे फिरण्याबद्दल एसएपीत स्थिती अशी आहे की आयात झालेली रिक्वेस्ट परत घेण्याचं बटण नाही. डेव्हमध्ये प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात, त्यातली हवी ती परत आणायची, नवी रिक्वेस्ट करायची आणि पुन्हा पुढे पाठवायची. सेटिंगच्या टेबलांना तेवढीही सोय नाही. लॉगिंग चालू ठेवलं असेल तर निदान काय बदललं ते दिसतं. काहींना हा दोष वाटतो. मला नाही वाटत. परतीचं बटण असलं की माणसं पुढे जाताना कमी बघतात.

आयातीच्या निकालाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात: ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे त्याहून गंभीर. ८ आला की सगळे धावतात. ४ आला की ‘चालतं, ४ तर नेहमीच येतो’ म्हणून पुढे जातात. खरं तर न गेलेल्या गोष्टींची चाहूल लागलीच तर ती ४ च्या लॉगमध्ये लागते. तो लॉग वाचायला पाच-दहा मिनिटं पुरतात, आणि या पुस्तकातलं चौथं प्रकरण तो कसा वाचायचा एवढंच शिकवतं. मला विचाराल तर ते पुस्तकातलं सर्वांत उपयुक्त प्रकरण आहे, आणि सर्वांत रूक्षही.

अलीकडे एबॅपगिटसारखी साधनं आली, व्याख्या मजकुराच्या रूपात गिटमध्ये ठेवता येऊ लागल्या. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ पाहता येते, ही मोठीच सोय. बांधलेल्या फायलीपेक्षा वाचता येणारा मजकूर केव्हाही चांगला, याबद्दल माझं आणि लेखकाचं एकमत आहे. मतभेद एवढाच की लेखकाला यातून प्रश्न सुटेल असं वाटतं. गिटमध्येही जे लिहिलं तेच दिसतं. नंबर रेंज, सर्टिफिकेटं आणि हाताने भरलेले दर तिथेही कुणीतरी वेगळ्या कागदावर लिहावे लागतात.

तो कागद, म्हणजे कटओव्हर शीट, परिशिष्टात नमुन्यादाखल दिला आहे. त्यात रिक्वेस्टच्या रकान्याशेजारी ‘हाताने करायचं’ असा रकाना आहे आणि तो पहिल्यापेक्षा रुंद आहे. प्रत्येक नोंदीपुढे कोण करणार, आयातीच्या आधी की नंतर, आणि झालं हे कुणी पाहिलं, अशा तीन जागा आहेत. करणारा आणि पाहणारा ही दोन वेगळी नावं असावीत अशी तळटीप आहे. नवख्याने परिशिष्ट आधी वाचलं आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळलं तरी चालेल. अनुभवींनी दुसरं प्रकरण गाळायला हरकत नाही. त्यात स्क्रीनची ओळख आहे, आणि त्या स्क्रीन त्यांनी झोपेतही पाहिलेल्या असतात.